ताप तीन दिवसांचा, प्रश्न रजेचा

श्रावण सरत आला की गोमंतकात चतुर्थीची आणि तापसरीची चाहूल बहुधा एकदमच लागते. भारतात इन्फ्लुएन्झाचे दोन हंगाम मानले जातात. एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात व तो ओसरताना. या दुसऱ्या हंगामातच गावोगावी विखुरलेली भावंडे मूळ घरी जमतात, पावसामुळे खिडक्या बंद असतात आणि घुमट-शामेळाच्या तालावर आरत्या खड्या आवाजात रंगतात. खोकल्या-शिंकण्यातूनच नव्हे, तर मोठ्याने बोलण्या-गाण्यातूनही पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीची जागा सापडणे कठीण.

अशा वेळी आरोग्य यंत्रणेचा सल्ला ठरलेला असतो: ताप आल्यास घरी थांबा. त्यामागील कारण पक्के आहे. लागण झाल्यावर साधारणतः १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि त्यातही पहिले ३ ते ४ दिवस सर्वाधिक धोक्याचे. म्हणजे साखळी तोडायची असेल तर रुग्णाने पहिल्याच दिवशी घरी थांबायला हवे. चौथ्या दिवशी घेतलेल्या रजेचा उपयोग थोडा.

परंतु पहिल्या दिवशी घरी थांबणे कोणाला परवडते? कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. मात्र नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यातून सर्वसाधारणपणे वगळलेले असतात. किरकोळ कारणाने दावे होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण संसर्गजन्य तापाच्या बाबतीत नेमके तेच दोन दिवस मोलाचे असतात. शिवाय महिना २१ हजार रुपयांहून अधिक वेतन असलेले कर्मचारी, दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, मासळी विक्रेत्या आणि ठेकेदाराकडील रोजंदारीचे मजूर बहुतांशी या छत्राबाहेरच राहतात. त्यांनी ताप अंगावर काढला, तर त्याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

जे घरी थांबू शकतात, त्यांनाही संयमापेक्षा गोळीचा भरवसा अधिक वाटतो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञांनी सावधगिरीचा इशारा दिला होता. मार्च २०२३ मध्ये एच३एन२च्या लाटेत इंडियन मेडिकल असोसिएशनला, हंगामी तापावर सरसकट प्रतिजैविके देऊ नका, असे डॉक्टरांनाच बजावावे लागले. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, हे ठाऊक असूनही फार्मसीतून ती मागून घेण्याची सवय गेलेली नाही.

घरच्या शुश्रूषेचे नियम साधे आहेत. शक्य असल्यास रुग्णाला वेगळी खोली द्यावी. नसल्यास खिडकीजवळची जागा. खिडकी थोडी तरी उघडी असावी, टॉवेल व पेला वेगळा असावा, रुग्ण व शुश्रूषा करणारा या दोघांनीही मास्क वापरावा आणि हात साबणाने धुवावेत. काळजी एकाच व्यक्तीने घ्यावी, ती शक्यतो वयोवृद्ध वा गरोदर नसावी. विश्रांती, भरपूर पाणी, गरम पेज आणि तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. औषधाविना २४ तास ताप आला नाही की बाहेर पडण्यास हरकत नाही. खोकला मात्र तीन आठवडे रेंगाळू शकतो.

ज्येष्ठ, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेही व दम्याचे रुग्ण यांनी मात्र वाट पाहू नये. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भ्रम होणे, प्राणवायूची पातळी ९४ खाली जाणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठावे.

सल्ल्याला व्यवस्थेची जोड मिळाली तरच तो पाळला जाईल. संसर्गजन्य तापासाठी विम्यातील दोन दिवसांची अट शिथिल करता येईल. तीन दिवसांच्या रजेसाठी वैद्यकीय दाखला न मागितल्यास बाह्यरुग्ण विभागातील गर्दीही घटेल. पूर्ण हजेरीसाठी मुलांना बक्षीस देणाऱ्या शाळांनी आपण नेमके कशाला उत्तेजन देतो, याचा विचार करावा. आणि मूळ घरच्या वडीलधाऱ्यांनी, ताप असलेल्या भावाने यंदा आरतीला न येणे हा देवाचा अनादर नाही, असे आधीच फोन करून सांगितले, तर त्या घरातील आजी-आजोबांची चतुर्थी सुखरूप पार पडेल.