डोंगरउतारावरचे घर

निवृत्तीच्या वेळी फंडाचे पैसे हाती येतात आणि शहरातल्या दोन खोल्यांत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला गावाकडच्या मोकळ्या जागेची ओढ लागते. सपाट जमीन परवडत नाही. डोंगरउताराची, झाडीची जागा त्या मानाने स्वस्त पडते. तिथे सगळ्या सोयींचे, तरी रानात मिसळून गेलेले घर असावे, ही हौस चांगलीच आहे. पण मिसळणे म्हणजे भिंतींना हिरवा रंग देणे नव्हे, एवढे मात्र आम्हाला आज सांगायचे आहे.

डोंगर दोन कामे करीत असतो. पावसाचे पाणी जिरवतो, वाहून नेतो आणि माती धरून ठेवतो. घर उभे राहिल्यावरही ही दोन्ही कामे चालू राहिली, तरच ते घर डोंगरात मिसळले असे म्हणता येईल.

आजकाल आरंभच जेसीबीने होतो. उतार उभा कापायचा, निघालेली माती खालच्या अंगाला लोटायची आणि अर्धे घर त्या भरावावर चढवायचे! वरच्या मातीचा आधार जातो, खालचा भराव पावसात खचतो. मग भिंतींना तडे जातात आणि आयुष्याची पुंजी दुरुस्तीत जाते.

थोर वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला खडकाळ टेकडीच्या उतारावर स्वतःचे घर बांधले. घराची लांबी उताराच्या आडवी ठेवावी, म्हणजे खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात, असे ते सांगत. उतार जास्त असेल तर घरालाच दोन-तीन पायऱ्यांचे टप्पे द्यावेत. स्वयंपाकघर वर, बैठक खाली, असे झाले म्हणून काही बिघडत नाही. फक्त घरातल्या वृद्धांची खोली आणि न्हाणीघर एकाच पातळीवर ठेवावे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ साली आखलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर जगप्रसिद्ध आहे. दगड तिथल्याच खाणीचा आणि मूळचा खडक तर बैठकीच्या खोलीतच ठेवलेला. पण ओढ्यावर झुकलेले त्याचे सज्जे पुढे वाकले आणि २००२ साली ते मोठ्या प्रमाणात मजबूत करावे लागले. सौंदर्य घ्यावे, पण आपल्या खिशाला अधांतरी सज्जे झेपणार नाहीत हेही ओळखावे.

आपल्याला धडा घ्यायला दूर जाण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्खूंच्या त्या निवासांजवळ कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आणि डोंगरावरचे पाणी त्यांत आणणारे चर आजही पाहायला मिळतात. पाण्याची वाट आधी, राहणे नंतर, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी होते. कोकणात एवढा पाऊस एका दिवसात सहज पडतो. म्हणून घराच्या वरच्या अंगाला आडवा चर काढावा आणि पाणी बाजूने नैसर्गिक वहाळाकडे न्यावे. पन्हाळीचे पाणी टाक्यात घ्यावे. संरक्षक भिंत बांधली तर तिच्यात पाणी बाहेर पडण्यासाठी भोके हवीतच. नाहीतर मागे तुंबलेले पाणीच ती भिंत ढकलते. शोषखड्डा भरावात खणू नये. मोठी झाडे राखावीत, त्यांची मुळे माती बांधून ठेवतात. चिरा मिळत असेल तिथे चिरा वापरावा, वर कौले घालावीत.

माळीण २०१४ साली, तळीये २०२१ साली आणि इर्शाळवाडी २०२३ साली दरडीखाली गेली. तिन्ही वेळा जुलैचा मुसळधार पाऊस होता आणि बळी गेले ते डोंगराच्या कुशीत राहणारे साधे कष्टकरी. हे आम्ही घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण डोंगरावरचे घर एकट्याचे नसते, हे विसरू नये. आपण वर कापलेला उतार आणि वळवलेले पाणी खालच्या वाडीच्या दारात जाते. आपल्या अंगणासाठी दुसऱ्याच्या छपरावर माती येणार असेल, तर ते अंगण आपल्याला नको.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी जागा जुलै महिन्यात पाहावी. पाणी कुठून येते, कुठे जाते, ते छत्री घेऊन स्वतः फिरून बघावे. वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे. जमिनीला भेगा, तिरकी झालेली झाडे किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला, तर जागा कितीही स्वस्त असो, परत फिरावे. जागा ठीक वाटली, तरी जाणकार अभियंत्याला दाखवून मगच पैसे मोजावेत.