गढीतून कचेरी गेली, आता गढीचं काय?

इंदापूरची मालोजीराजेंची गढी आणि बारामतीतला बाबूजी नाईकांचा वाडा. पहिली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या नावाची, दुसरा पेशव्यांच्या सोयऱ्या सावकाराचा. पण पुढे दोन्हींकडे सरकारी कचेऱ्या आल्या.

असं का झालं? गढीला जाड तट, बुरूज आणि सहसा एकच मोठा दरवाजा. खजिना, दप्तर आणि कैदी सांभाळायला आयती जागा!

कचेऱ्यांच्या सोयीसाठी जुन्या बांधणीत फेरफार होतात, हे खरं. पण माणसांचा राबता असतो, म्हणून गळतीही लगेच दिसते. वास्तू रिकामी झाली की तटावर झुडपं उगवतात, मुळांवाटे पाणी मुरतं आणि माती ढासळते.

पुण्याचा विश्रामबागवाडा बघा. १८०७ साली बांधून झालेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे नगरपालिकेचं कार्यालय आलं. वापर बदलत गेला, वाडा टिकला.

म्हणूनच प्रश्न फक्त निधीचा नाही. निधी एकदा येतो, डागडुजी मात्र दर पावसाळ्यात लागते. ती कोण करणार, हे आधी ठरायला हवं.