नोटिशीच्या महिन्याचा पगार कोणाच्या खिशात?

राजीनामा दिला की कामगार मालकाच्या मनातून उतरतो. नोटिशीचा महिना मात्र त्याच्याकडून पुरेपूर राबवून घेतला जातो. पगाराची तारीख आली की उत्तर ठरलेले : 'तुमचा पगार रोखला आहे, अखेरच्या हिशेबात बघू.' तो हिशेब महिनोन् महिने होत नाही. हेलपाटे घालून थकलेला माणूस शेवटी नाद सोडतो. मालकाला नेमके हेच हवे असते.

खात्यातील कायम कामगाराला ही झळ सहसा लागत नाही. पण आपल्याच फलाटावर झाडू मारणारा, डबे धुणारा, पार्सलची पोती उचलणारा कंत्राटी कामगार ती सोसतो. खाजगी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींवरही हीच पाळी येते. म्हणून हा प्रश्न परक्याचा नाही.

१९३६ चा वेतन प्रदान कायदा आला तेव्हा तो कारखान्यांबरोबर रेल्वेला आणि रेल्वेच्या कंत्राटदारांकडील माणसांनाही लागू होता. मालकाने कामावरून काढल्यास दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करण्याचे बंधन त्यात होते. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचा उल्लेख मात्र त्या तरतुदीत नव्हता. ही फट मालकवर्गाच्या पथ्यावर पडली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने ती बुजवली आहे. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत देय वेतन मिळाले पाहिजे. चार श्रम संहितांना आमचा विरोध आहे व तो राहील. पण हाती आलेले हत्यार म्यानात ठेवणे हा विरोध नव्हे. याच संहितेतील वेतनाचे प्रकरण सरकारी खात्यांना मात्र सरकारने अधिसूचना काढली तरच लागू होते. १९३६ साली कायद्याच्या पहिल्या ओळीत असलेला रेल्वे कामगार सरकारच्या मर्जीवर का राहावा? हा हक्क खात्यांतील कामगारांनाही बिनशर्त हवा.

नोटीस पूर्ण न करता गेलेल्याकडून नोटिशीच्या उरलेल्या दिवसांची रक्कम मागणे, हा करारातील अटींचा वेगळा वाद आहे. जे दिवस भरले, त्यांची मजुरी हा वादाचा विषयच नाही. काम करून घेऊन दाम न देणे याला आपल्याकडे वेठबिगार म्हणतात, आणि घटनेच्या कलम २३ ने ती निषिद्ध केली आहे.

शाखांनी आता कामाला लागावे. राजीनामा तोंडी देऊ नये. लेखी द्यावा व पोच घ्यावी. मालक पोच देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. नोटीस काळातील हजेरीची नक्कल स्वतःजवळ असावी. वेतन अडवल्यास तीन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही मिळू शकते. कंत्राटदाराने हात वर केले तर ते वेतन देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे स्टेशनवरील अधिकाऱ्यांना शाखेने लेखी कळवावे.

नोकरी सोडणारा कामगार युनियन सोडून जात नाही. त्याचा शेवटचा पगार त्याच्या हातात पडेपर्यंत तो आपलाच माणूस आहे.