संगणकाची दावण



नांदेडहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा नावाचे स्टेशन लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. तिथे, किंवा तुमच्याही गावात, दिवस मावळताना एक दृश्य दिसते. दिवसभर रानात राबलेला बैल घराकडे वळतो आणि कोणी न हाकता आपल्या दावणीला येऊन उभा राहतो. वैरण तिथेच, पाणी तिथेच, विसावाही तिथेच. सकाळी दावे सोडले की पुन्हा रानात.

संगणकालाही आता अशी दावण मिळाली आहे. तिला डॉकिंग स्टेशन किंवा नुसते डॉक म्हणतात. टेबलावर ठेवलेली ही एक लहानशी पेटी असते. मोठा पडदा, कळफलक, छपाईयंत्र, साठवणुकीच्या तबकड्या, इंटरनेटची तार आणि वीज हे सारे तिला कायमचे जोडलेले असते. बाहेरून आलेला लॅपटॉप एका तारेने पेटीला जोडला की त्याला वीज मिळते, त्याच्यातली माहिती उतरवून घेता येते आणि मोठ्या पडद्यावर काम सुरू होते. तार काढली की तो पुन्हा हिंडायला मोकळा!

हे लाड कोणत्या संगणकाचे करायचे? पत्र लिहायला किंवा चित्रपट पाहायला साधा लॅपटॉप पुरतो. आपण बोलतो आहोत ते ‘मोबाइल वर्कस्टेशन’ या जातीच्या यंत्राविषयी. अभियंते, भूमापक आणि संशोधक जी अवजड गणिते करतात ती पेलणारा हा फिरता संगणक आहे. यातील काही यंत्रांत स्मृतीमधली चूक स्वतः शोधून दुरुस्त करण्याची सोय असते. (अवकाशातून आलेल्या एखाद्या किरणामुळे शून्याचा एक झाला, तर पुलाचे गणित चुकायला नको!) किंमत मात्र लाखांत जाते.

चुडाव्याच्या माणसाला असे यंत्र कशाला हवे, असे कोणी म्हणेल. उत्तर आकाशात आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून नकाशे तयार करण्यात येऊ लागले. शेतावरून उडणारे ड्रोनही मराठवाड्याला आता नवे नाहीत. अशा एका उड्डाणात हजार छायाचित्रे निघाली आणि प्रत्येक ८ मेगाबाइटचे असले, तर एकूण ८ गिगाबाइट झाले. ही सारी चित्रे एकमेकांना बिनचूक जुळवली तरच नकाशा होतो. ती दूरच्या शहरातील संगणकाकडे पाठवायची म्हटली, तर सेकंदाला ५ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. करून पाहा हे गणित. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, हे मात्र विसरू नका.

पण वेळेचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेत आपले, पीक आपले, छायाचित्रही आपल्याच आकाशातून घेतलेले. आणि त्याचा अर्थ लावण्याची विद्या मात्र दूर कुठेतरी! हे काम गावातच झाले, तर दहावीचा मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी राहून ते कसे चालते हे पाहू शकेल. फिरत्या यंत्राचे खरे मोल मला इथे दिसते.

मग आजवर असे का झाले नाही? एक कारण दावणीतच होते. अ‍ॅपल कंपनीने १९९२ साली पॉवरबुक ड्युओ नावाचा लॅपटॉप काढला. त्याचे डॉक मोठे गमतीचे होते. कॅसेट आत ढकलावी तसा सगळा लॅपटॉप त्याच्या पोटात जाई. पण त्या डॉकमध्ये त्याच घराण्याचे लॅपटॉप चालत. पुढे अनेक कंपन्यांनी आपापल्या आकाराचे जोड काढले. लॅपटॉपचा नमुना बदलला की चांगले धडधाकट डॉक अडगळीत जाई. तुमच्या आजोबांना विचारा, मुंबईहून मराठवाड्यात येताना मनमाडला गाडी का बदलावी लागे? मनमाडपर्यंत १.६७६ मीटर रुंदीचा ब्रॉडगेज मार्ग आणि पुढे एक मीटरचा मीटरगेज. माणसे उतरत, माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. दोन्हीकडची इंजिने धावती असूनही रुळांच्या मापापायी ही तारांबळ. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले तेव्हा ती संपली.

संगणकाच्या बाबतीत असे रुंदीकरण नुकतेच झाले आहे. २०१४ मध्ये आलेला, चोवीस संपर्कबिंदूंचा, उलटसुलट कसाही बसणारा टाइप-सी जोड तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल. आधी त्यातून जास्तीत जास्त १०० वॉट शक्ती जात असे. मोबाइल वर्कस्टेशनला तेवढ्याने भागत नव्हते. २०२१ मध्ये ही मर्यादा २४० वॉटपर्यंत, म्हणजे ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअरपर्यंत, वाढवण्यात आली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट-५ या पद्धतीत याच आकाराच्या जोडातून सेकंदाला ८० गिगाबिट माहिती दोन्ही दिशांनी जाऊ शकते. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी समान प्रभारण-जोड सक्तीचा करण्यास २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये स्मृतीच्या पट्टीचे ‘कॅम-टू’ हे नवे प्रमाण प्रसिद्ध झाले. सडपातळ लॅपटॉपांत स्मृती पाटीवर डाख देऊन कायमची बसवण्याची खोड कंपन्यांना लागली होती. ही नवी पट्टी स्क्रूने बसते आणि काढताही येते.

आपल्याकडचे कोणतेही ट्रॅक्टर पाहा. मागे तीन बिंदूंची जोडणी असते. तिला एका कंपनीचा नांगर लागतो, दुसरीचा रोटाव्हेटर लागतो, तिसरीचे पेरणीयंत्रही लागते. अवजार फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, हेही प्रमाण ठरलेले आहे. हॅरी फर्ग्युसन यांची ही तीन बिंदूंची कल्पना पुढे सर्वमान्य झाली, म्हणून गावातले एकच ट्रॅक्टर दहा जणांची दहा कामे करते. संगणकाच्या नव्या पिढीकडून मला हीच अपेक्षा आहे.

आणि इथेच माझी तक्रारही आहे. नव्या यंत्राची जाहिरात येते तेव्हा वेग किती वाढला आणि जाडी किती घटली हेच मोठ्या अक्षरांत असते. पुष्कळ लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात एक ओळ बारीक अक्षरांत सापडते: भोवतालच्या हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गाची गोष्ट तर सोडाच! चिपचे तापमान ९५ अंशांवर जाऊ द्यायचे नाही असे धरा. हवा २५ अंश असेल तर दोहोंत ७० अंशांचा फरक राहतो. हवा ४५ अंश असेल तर ५०. उष्णता बाहेर टाकण्याचा वेग ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तोच पंखा आपल्या उन्हाळ्यात सात भागांपैकी पाचच भाग उष्णता बाहेर टाकील. मग चिप जळू नये म्हणून यंत्र आपला वेग आपणच कमी करते. ज्या वेगासाठी लाखांनी पैसे मोजले, तोच दुपारी गायब!

विजेचेही तसेच. विमानात नेता यावी म्हणून लॅपटॉपची विद्युत्‌घटमाला १०० वॉट-तासांच्या आत ठेवतात. पुरे काम करताना यंत्र १५० वॉट खात असेल, तर ९९ वॉट-तासांची पुंजी ४० मिनिटांत संपते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत मुलांना एक्सओ नावाचे छोटे लॅपटॉप देण्यात आले होते. शक्तीने अगदी बेताचे, पण वीज फार थोडी लागे आणि पडदा भर उन्हात वाचता येई. त्या यंत्राच्या रचनाकारांना ऊन ठाऊक होते. आजच्या बलदंड यंत्रांचे रचनाकार ते विसरले आहेत की काय, अशी शंका येते. मला विचाराल तर जाडी बोटभर वाढली तरी चालेल, वजन अर्धा किलो वाढले तरी चालेल. पंखा मोठा द्या, आणि धूळ झाडण्यासाठी तो घरच्या पेचकसाने उघडता येऊ द्या.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. काहींना ती उलटी वाटेल. संगणकासाठी पैसे मिळाले तर सगळे यंत्रावर घालवू नका. आधी दावण बांधा. टाइप-सीचे चांगले डॉक, मोठा पडदा, दणकट टेबल, सावलीची हवेशीर जागा आणि वीज गेली तरी तासभर तग धरील असा इन्व्हर्टर एवढे शाळेत कायमचे असू द्या. यातल्या बऱ्याच वस्तू लॅपटॉपपेक्षा अधिक वर्षे टिकतात. मग कृषी विद्यापीठातील कोणी ड्रोनची छायाचित्रे घेऊन आला, भूमापक आला, किंवा गावचीच एखादी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी सुटीत घरी आली, तर आपले यंत्र त्याच दावणीला लावून सगळ्या वर्गासमोर काम करू शकेल. मात्र विकत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा: हे डॉक दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला चालते का, आणि त्यातून वीज किती वॉट मिळते? नुसता जोडाचा आकार सारखा असून भागत नाही. ६० वॉट देणाऱ्या डॉकवर मोठे यंत्र अर्धपोटीच राहते.

आणि मित्रहो, येत्या मे महिन्यात एक प्रयोग करा. शाळेत किंवा घरी कोणाचा लॅपटॉप असेल तर परवानगी घेऊन त्याला एकच लांबलचक काम द्या. चित्रफितीचे रूपांतर चालेल. ते सकाळी सहाला एकदा आणि दुपारी तीनला एकदा करून दोन्ही वेळा लागलेली मिनिटे मोजा. शेजारी भिंतीवर तापमापक टांगून हवेचे अंश टिपा. पंख्याच्या तोंडाशी हात धरून आवाजातला फरकही ऐका. दोन्ही वेळांच्या नोंदी एकाच वहीत तारखेसह लिहून ठेवा.