घड्याळ कुणी बंद पाडले?

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेन्स्टाइन या चार देशांशी भारताने केलेला व्यापार करार अमलात आला. स्विस घड्याळांवरील सुमारे वीस टक्के आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. श्रीमंतांच्या मनगटावरील ही सवलत. श्रमिकांच्या साप्ताहिकाने तिची दखल का घ्यावी, असे कुणी विचारील. घ्यावयाची ती एवढ्यासाठी की, स्वतःचे घड्याळ स्वतः बनविण्याचा निश्चय या देशाने एकदा केला होता आणि तो निश्चय कसा विरला याचा हिशेब अद्याप कुणी नीट मांडलेला नाही.

जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्यापूर्वी घड्याळ म्हणजे आयातीचा किंवा चोरट्या मालाचा विषय. मुंबईच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर घड्याळेही उतरत. सार्वजनिक क्षेत्राने ही वस्तू शिक्षकाच्या, कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या मनगटावर आणली. एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते! अंधांसाठी ब्रेल घड्याळेही याच कारखान्याने केली. हे नाव किती खोल रुजले होते, त्याची साक्ष चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यात सापडते. दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक दलित शेतकऱ्याने १९८३ पासून लोंब्या निवडून निवडून धानाचा एक वाण सिद्ध केला. बाजारात त्याला नाव पडले ‘एच.एम.टी.’, कारण त्या काळी चांगल्या वस्तूची ओळख म्हणजे हे घड्याळ. (दादाजी २०१८ साली विपन्नावस्थेत वारले, हा आमच्या व्यवस्थेवरचा वेगळा आरोप आहे.)

मग हा उद्योग बुडाला कसा? ‘सरकारला धंदा जमत नाही’ हे तयार उत्तर आमच्या मध्यमवर्गाला १९९१ पासून पाठ आहे. ते अपुरे आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले, त्या क्षणी कमान व दात्यांच्या चाकांवर उभा असलेला जगातील सारा घड्याळ उद्योग जुना झाला. खाजगी मालकीचा स्विस उद्योगही त्यात भुईसपाट झाला: १९७० च्या सुमारास तेथे नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तीसेक हजारांवर आले. मालकी हे दुखणे असते, तर स्विस कामगार रस्त्यावर आले नसते. फरक पुढे पडला. स्विस बँकांनी बुडत्या कंपन्यांचे १९८३ मध्ये एकत्रीकरण घडविले, स्वस्त प्लास्टिकचे स्वॉच त्याच वर्षी काढले आणि धंदा सावरला.

आमच्याकडे मालक सरकार होते. एच.एम.टी.ने क्वार्ट्झ घड्याळ वेळेवर बनविलेही. ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती निर्णयाची. चावीच्या घड्याळांना मागणी आहे, ग्राहक थांबायला तयार आहे, तेव्हा घाई कशाला, ही मक्तेदारीची सुस्ती होती. तशात कारखाने कुठे काढायचे हे तंत्रज्ञांनी ठरविलेच नाही. श्रीनगर, तुमकूर आणि १९८५ मध्ये नैनिताल जिल्ह्यातील राणीबाग, असा पसारा वाढत गेला. मागास भागात उद्योग नेणे हे तत्त्व आमचेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जग क्वार्ट्झकडे वळून चुकले असता डोंगरपायथ्याशी चावीच्या घड्याळांचा नवा कारखाना काढणे हे नियोजन नव्हे, ती मतदारसंघाची भेट होय. श्रीनगरची कथा अधिक दारुण: १९९० च्या एप्रिलमध्ये तेथील महाव्यवस्थापकांचे अपहरण करून त्यांची हत्या झाली.

आणि आपण? येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. आमच्या संघटनांनी वेतनासाठी, महागाई भत्त्यासाठी लढे दिले, ते योग्यच होते. परंतु ‘नवी यंत्रे आणा, आम्हांला नवे काम शिकवा’ ही मागणी आम्ही क्वचितच मोर्चाच्या अग्रभागी ठेवली. यंत्राकडे आम्ही रोजगाराचा शत्रू म्हणूनच पाहत राहिलो. त्याची किंमत कामगारानेच मोजली. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, कामगारांना २००७ च्या काल्पनिक वेतनश्रेणीवर स्वेच्छानिवृत्ती दिली आणि तुमकूरची सुमारे १२० एकर जमीन अंतराळ संशोधन संस्थेकडे वळविली.

खाजगी क्षेत्राचे यश म्हणून टायटनचे उदाहरण दिले जाते. टायटन १९८४ साली टाटा व तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून स्थापन केली. नावातला ‘टाय’ टाटा इंडस्ट्रीजचा, ‘टन’ तामिळनाडूचा. होसूरला कारखाना निघाला, एच.एम.टी.त घडलेले कित्येक तंत्रज्ञ तिकडे गेले. आजही त्या महामंडळाचा सुमारे २८ टक्के हिस्सा टाटांच्या हिश्शाहून मोठा आहे. म्हणजे सरकारी भांडवल, सरकारी कारखान्यात शिकलेले हात आणि क्वार्ट्झवर पैज लावण्याचे व्यवस्थापनाचे धाडस असे तिहेरी मिश्रण होते. या धाडसाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण उरलेल्या दोन गोष्टी जाहिरातीत कधी दिसत नाहीत.

मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो तेव्हा घेतलेले ‘जनता’ अजून चालते. गल्लीतला घड्याळजी मात्र आता ते उघडताना कुरकुरतो. सुटे भाग नाहीत, आणि मुलाला हे काम शिकवायचे नाही, असे म्हणतो.

१९६१ च्या करारात आपण परदेशी कंपनीकडून यंत्रे आणि प्रशिक्षण घेतले; माल येथे, आपल्या हातांनी तयार झाला. आताच्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक व १० लाख रोजगार असे उद्दिष्ट लिहिले आहे. त्यातले किती सूक्ष्म यंत्रकामात येणार, किती स्विस कंपन्या येथे सुटे भाग बनविणार, किती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ते कौशल्य शिकविले जाणार? शुल्काची सूट वर्षानुवर्षे वाढत जाईल. या प्रश्नांची उत्तरे वर्षानुवर्षे संसदेच्या पटलावर ठेवण्याचे बंधन सरकारवर असले पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या खासदारांना येत्या अधिवेशनापूर्वी हे लेखी विचारावे.