विश्लेषण : छत गळले, तर घरविम्याचे पैसे मिळतात का?

जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाडमध्ये घराघरांत पुराचे पाणी शिरले. असे नुकसान घरविम्यात बसते. स्लॅबमधून वर्षानुवर्षे झिरपलेली ओल मात्र बसत नाही. पाणी दोन्हीकडे असले, तरी विमा कंपनी नुकसानीचे कारण पाहते.

१ एप्रिल २०२१ पासून ‘इर्डाई’ या विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, तसेच पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, हे सारे तिच्यात येते. जमीन खचणेही येते. पण नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा, भराव बसणे, नदी-समुद्राने किनारा खाणे आणि सदोष बांधकाम वगळले आहे. चोरीची भरपाई तर अशा दुर्घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो.

विमा किती रकमेचा?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. समजा, ६०० चौरस फूट चटई क्षेत्राच्या फ्लॅटचा बाजारभाव ९० लाख आहे आणि बांधकाम खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये. विमा १५ लाखांचा, कारण जमीन जळत नाही की वाहून जात नाही. या रकमेच्या २० टक्के, म्हणजे तीन लाखांपर्यंत घरातील सामानाला आपोआप संरक्षण मिळते (कमाल मर्यादा १० लाख). दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

एक बाब ग्राहकाच्या बाजूची आहे. पूर्वी २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचाच असेल, तर चार लाखांच्या नुकसानीवर दोनच लाख हाती पडत. या पॉलिसीत ती कपात नाही.

बँकेचा विमा कोणता?

‘कर्जासोबत बँकेने विमा काढलाय’, असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घर कोसळले, तर त्यातून रुपयाही मिळत नाही.

फ्लॅटधारकांची आणखी एक समजूत सोसायटीच्या विम्याची. आदर्श उपविधींनुसार इमारतीचा विमा काढणे सोसायटीवर बंधनकारक आहे. पण तो इमारतीचा. त्यावर घरातल्या फ्रिजचे किंवा कपाटाचे पैसे मागता येत नाहीत.