रद्दीवाल्याच्या आधी आपण पोहोचू या

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की हुबळी-धारवाडचे माळे रिकामे होऊ लागतात. धारवाडातली जुनी घरे विकून नवनगरात आलेल्या कुटुंबांना विचारून बघा. देव आले, तांब्या-पितळेची भांडी आली, आजोबांची आरामखुर्चीही आली. फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल मात्र कितीतरी जणांनी ‘आता कोणाला वाचता येतंय’ म्हणून मागेच सोडला. ज्यांच्या घरी तो अजून आहे त्यांना हात जोडून सांगणे आहे : तो रद्दीत घालू नका.

१७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रज तुकडीला सोबत घेऊन टिपूच्या सरदाराकडून धारवाडचा किल्ला घेतला. १८१७ मध्ये तो पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबईच्याच कारभारात राहिला. त्यामुळे सनदा, ताकीदपत्रे, वतनाचे हिशेब मोडी लिपीत लिहिलेले सापडतात, आणि तेही फक्त आपल्या घरांत नव्हे. पिढ्यानपिढ्या कन्नड बोलणाऱ्या देसायांच्या, गौडांच्या वाड्यांतही हेच कागद आहेत. शेजारच्या कन्नड घराच्या जमिनीचा सर्वांत जुना पुरावा मराठीत असू शकतो. म्हणून हे काम एका भाषेच्या अभिमानाचे नाही, दोन्ही भाषांच्या माणसांनी एकत्र बसून करायचे आहे.

एखादा जुना महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, उलगडून बघा. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढलेली आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत नेलेली अक्षरे. वर सुहूर सन : ‘अर्बा तिसैन मया व अलफ’. चार, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७९३-९४ साल हाती येते. खाली गावच्या पाटलाने सही केलेली नसते, नांगर काढलेला असतो. निवाड्याला हजर असलेल्यांच्या यादीत सुतार असतो, कुंभार असतो, चांभार असतो, नावानिशी. ज्या घराण्यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही, त्यांचा पूर्वज अशा कागदात गावच्या पंक्तीला बसलेला भेटतो. तो कागद गेला की त्या माणसाचे नावच गेले.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हे कागद दागिन्यांपेक्षा जपले, त्याला कारण होते. इनामांची चौकशी इंग्रजांनी याच दक्षिण मराठा मुलखात १८४३ साली सुरू केली, १८५२ मध्ये तिला कायद्याचे बळ दिले. ज्याला कागद दाखवता आला नाही, त्याचे इनाम धोक्यात आले. दत्तकपत्राचे मोल काय होते, ते नरगुंदला विचारा. दत्तक नामंजूर झाल्यावर तिथले संस्थानिक भास्करराव भावे १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठले आणि बेळगावात फासावर गेले. पुढे १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने संपली. कचेरीत त्या कागदांना कोणी विचारीनासे झाले, आणि घरातही त्यांच्यावरची नजर हळूहळू उठली.

‘सगळे पुण्याच्या दफ्तरात असेलच की’, असे काहीजण म्हणतात. पेशवे दफ्तर अफाट आहे, पण ते सरकारचे दफ्तर आहे. सारा किती आला ते तिथे कळेल. घरची वाटणी कशी झाली, कोणती मुलगी कुठे दिली, दुष्काळात कोणाकडून धान्य उसने घेतले, हे घरच्याच रुमालात मिळणार. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे म्हणूनच गावोगाव, दारोदार हिंडले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धनांच्या दफ्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. आज आपल्या दारात राजवाडे येणार नाहीत. आपल्यालाच माळ्यावर चढायचे आहे.

नवनगरच्या प्रत्येक गल्लीत चार माणसे पुरेत : मोडी ओळखणारे एखादे निवृत्त गृहस्थ, कन्नड लिहू-वाचू शकणारा कोणी, आणि मोबाइल असलेली दोन मुले. कायद्याचे विद्यापीठ नवनगरातच आहे. जमिनीचे हक्क मुळात कसे लिहिले जात, हे तिथल्या विद्यार्थ्यांनी मूळ कागदावर पाहावे. मोडी शिकणे अवघड नाही. महाराष्ट्राचे पुराभिलेख खाते तिचे वर्ग घेते, आणि २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. धारवाडची कन्नड संशोधन संस्था १९३९ पासून काम करते आहे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून. जाणत्यांचा सल्ला घ्यावा, हवे तर नक्कल द्यावी. मूळ कागद घरात ठेवायचा की संस्थेत, हे घरच्यांनी ठरवावे.

तोवर कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, त्यापेक्षा धुतलेले सुती फडके बरे. रुमालातला क्रम मोडू नका, कारण शेजारचा कागदच पुष्कळदा आपल्या कागदाचा अर्थ सांगतो. गाठ सोडण्याआधी फोटो घ्या, मग दिवसाच्या उजेडात एकेक पान. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. मोडी पुढच्या वर्षीही शिकता येईल. हा रुमाल कोणत्या गावाहून आला, त्यातले ‘राघोपंत’ आपले कोण, हे सांगणाऱ्या आजी आज घरात आहेत. त्यांना याच रविवारी विचारा, आणि त्या सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा.